वाचकांचे प्रश्न : गेथशेमानेतली मागणी

प्रश्न : आईच्या आजारासाठी मी रोज प्रार्थना करते. उपवासकाळ (ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस) सुरू झाल्यापासून मंडळीतले लोक सांगतात, ‘आता मागणं सोड, देवाच्या इच्छेला शरण जा.’ तोंडाने ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणते, पण आतून मन मानत नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?

उत्तर : नाही. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २६वा अध्याय उघडा आणि ३९वं व ४२वं वचन एकापाठोपाठ वाचा. क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री येशू गेथशेमाने बागेत प्रार्थना करतो. पहिल्या वेळी तो म्हणतो, ‘होईल तर हा प्याला माझ्यावरून टळून जावो.’ प्याला म्हणजे समोर आलेलं दुःख आणि मरण. दुसऱ्या वेळी शब्द बदलतात : हा प्यायल्याशिवाय टळणारच नसेल, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. ‘होईल तर’ आणि ‘टळणारच नसेल तर’ या दोन्हींच्या मध्ये तो उठतो, शिष्यांकडे जातो, त्यांना झोपलेलं पाहतो आणि परत येतो. तिसऱ्यांदाही तेच शब्द. म्हणजे खुद्द देवाच्या पुत्रालाही हे एका दमात साधलं नाही. आपण पहिली प्रार्थना गाळून थेट दुसरीवर उडी मारतो आणि तिथेच अडकतो. जे कधी मोकळेपणाने मागितलंच नाही, ते त्याच्या हाती सोपवणार तरी कसं?

‘मन शांत झालं नाही, म्हणजे मी शरण गेले नाही,’ ही कसोटीही चुकीची. लूक २२ मध्ये देवदूत येऊन येशूला शक्ती देतो आणि घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडतो तो त्यानंतर. शक्ती मिळाली, तरी तळमळ थांबली नाही. प्रार्थना अधिक आग्रहाची झाली. तेव्हा आईसाठी मागत राहा, औषधपाणी चालू ठेवा, आणि रडू आलं तर रडा.

प्रश्न : पवित्र सप्ताहात ही प्रार्थना प्रत्यक्षात कशी करावी?

उत्तर : पवित्र गुरुवारची, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदली रात्र आणि एक तास. ‘घटकाभरही तुमच्याने माझ्याबरोबर जागवले नाही काय?’ हा येशूचा शिष्यांना प्रश्न त्याच रात्रीचा आहे. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. मत्तय २६:३६ ते ४६ मोठ्याने, सावकाश दोनदा वाचा. दहा मिनिटं पुरतात. मग कागदावर आपली मागणी लिहा, आणि ती नेमकी लिहा. ‘सगळं चांगलं होऊ दे’ असं लिहिलं की मन अंग चोरतं. आजाराचं नाव, माणसाचं नाव, कशाची भीती वाटते, सगळं येऊ दे. वीस मिनिटं द्या. मग दहा मिनिटं काही न बोलता बसा. डुलकी लागत असेल तर उभे राहा. त्या रात्री शिष्य पेत्रालाही झोप आवरली नव्हती. उरलेल्या वेळात त्याच मागणीखाली दुसरी प्रार्थना लिहा : ‘हे टळणार नसेल, तर...’ वाक्य पूर्ण झालं नाही तर अर्धंच राहू द्या आणि शुक्रवारी पुन्हा बसा. ‘हे दिलंस तर मी ते करीन,’ असं येऊ लागलं तर थांबा. तो सौदा झाला. मागणीकडे परत या.

शेवटी ४६वं वचन : ‘उठा, आपण जाऊ.’ उद्या टाळायचं नाही असं एकच काम लिहून ठेवा.

प्रश्न : नवरा मारतो. ‘हाच तुझा क्रूस, देवाची इच्छा म्हणून सोस,’ असं मला सांगितलं जातं. हे खरं का?

उत्तर : नाही, ताई. मारहाण ही त्या माणसाची इच्छा आहे. ती देवाच्या नावावर खपवणं पाप आहे. लोकांनी धोंडे उचलले तेव्हा येशू मंदिरातून निघून गेला (योहान ८:५९). शिपायाने चपराक मारली तेव्हा त्याने विचारलं, ‘मला का मारतोस?’ (योहान १८:२३). क्रूस त्याने स्वतःहून स्वीकारला, आणि तो आमच्या तारणासाठी. तुमच्यावर हा दुसऱ्याने लादला आहे. आधी मुलांना घेऊन सुरक्षित जागी जा, जखमा डॉक्टरांना दाखवून नोंद करून घ्या, पोलिसांत तक्रार द्या. पाळकांशी बोलायचं ते त्यानंतर. क्षमा करणं आणि त्याच घरात परत जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी दुसरी करावीच लागते, असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.