कोटिंगवाला ग्राफ्ट घ्यावा का?

भाऊ, बाबांचा फिस्टुला (डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेली वाट) दोनदा बंद पडला, आता डॉक्टर हातात कृत्रिम नळी, म्हणजे ग्राफ्ट, बसवू म्हणतात, हेपरिनचं (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचं) कोटिंग असलेली महाग आहे, ती पुढे आपल्या नसेसारखी होते का, असं तुम्ही विचारलं. मी यवतमाळकडे १७ वर्षं डायलिसिस टेक्निशियन होतो. सरळ सांगतो: नस होत नाही. पण कोटिंग म्हणजे निव्वळ लुबाडणूक, असंही नाही.

आपल्या नसेला आतून पेशींचं जिवंत अस्तर असतं, एंडोथेलियम. ते रक्त गोठू देत नाही. ही नळी म्हणजे नॉनस्टिक तव्यावरचं टेफ्लॉनच, ताणून सच्छिद्र केलेलं. डोसा त्याला चिकटत नाही, रक्त मात्र चिकटतं. काही सेकंदांत प्रथिनं बसतात, त्यांना धरून प्लेटलेट्स, म्हणजे गुठळी करणाऱ्या रक्तातल्या बारीक पेशी. उघड्या वावरात पऱ्हाटीआधी तण येतं, तसंच.

संशोधकांचं घोडं इथंच अडलंय. तण नको, पऱ्हाटी हवी. पीईजी या निसरड्या पॉलिमरचा थर दिला तर प्लेटलेट्सही घसरतात आणि एंडोथेलियमच्या पेशीही. आरजीडी हा तीन अमिनो आम्लांचा तुकडा लावला तर पेशी धरतात, पण प्लेटलेट्सनाही तो ओळखीचा. म्हणून आरईडीव्ही हा चार आम्लांचा तुकडा आला, तो एंडोथेलियमला जास्त धार्जिणा. सीडी३४ अँटिबॉडी (ठरावीक पेशींना धरून ठेवणारं प्रथिन) लावून रक्तातल्याच पेशी पकडायचंही करून पाहिलं. डुकरांमध्ये अस्तर झटपट आलं, पण नळी शिरेला जोडतात त्या जोडाशी पेशी उलट जास्तच दाटल्या! माणसात दोन्ही टोकांकडून पेशी सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर सरकतात आणि थांबतात. मधली नळी उघडीच राहते.

(मोठ्या नसांसाठी डेक्रॉनची नळी असते, म्हणजे टेरिकॉटच्या शर्टातला पॉलिस्टर. तिच्यातून रक्त झिरपू नये म्हणून जिलेटिन किंवा कोलॅजन लावतात. ते वेगळं कोटिंग, दोन्हींत गल्लत करू नका.)

हेपरिनचा थर सुरुवातीच्या गुठळीविरुद्ध असतो. डायलिसिसच्या ग्राफ्टमध्ये त्याचा किती फायदा, यावर अभ्यासांचं एकमत नाही. ग्राफ्ट बहुतेकदा बंद पडतो तो शिरेच्या जोडाशी आकसून, आणि तिथं हेपरिनचं फारसं चालत नाही. हेपरिन डुकराच्या आतड्यापासून काढतात, घरात कुणाचा आक्षेप असेल तर आधीच बोला. पूर्वी हेपरिनने प्लेटलेट्स घसरल्या असतील तर डॉक्टरांना सांगाच. २०२४च्या डिसेंबरात अमेरिकेत मान्य झालेली, मानवी पेशींपासून वाढवलेली नस जखमी हातापायांसाठी आहे, डायलिसिससाठी नाही.

माझ्या मते कर्ज काढून कोटिंग घेऊ नका. आधी दुसऱ्या हाताची डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून विचारा, तिथं फिस्टुला जमतो का. नाहीच जमला तर ग्राफ्ट.

ग्राफ्ट बसल्यावर रोज सकाळी बोटांनी त्याची घरघर तपासायची. त्या हातावर बीपी नाही, डायलिसिसशिवाय दुसरी सुई नाही, ओझं नाही. आमच्या एका पेशंटने त्याच हाताच्या कोपरात कापसाचं गाठोडं लटकवून आणलं, रात्रीतून नळी बंद. घरघर थांबली की पुढच्या डायलिसिसची वाट पाहायची नाही, मिळेल ती पहिली एसटी धरायची.