‘फ्रू’ला ‘सौ.’ लावू नकोस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या अनुवादाचं पहिलं प्रकरण वाचलं. हात चांगला आहे, ते तुलाही ठाऊक आहे, म्हणून त्यावर शाई घालवत नाही. स्वीडिश ‘फ्रू’चं, म्हणजे लग्न झालेल्या बाईच्या नावाआधी लागणाऱ्या शब्दाचं, तू कुठे ‘सौ.’ केलंस, कुठे ‘श्रीमती’, आणि समासात विचारलंस, ‘नक्की काय?’ अगं, आधी हे विचार: हा शब्द तिला कुणामुळे मिळाला आणि कधी जातो?

आपलं ‘सौ.’ नवऱ्याबरोबर जातं. मग ‘गं. भा.’ छापून लोक मोकळे. ‘फ्रू’ विधवेलाही राहतं. तुझी म्हातारी पहिल्या पानापासून विधवा आहे आणि तू तिला सौभाग्यवती करून ठेवलीस! ‘फ्रू’ मुळात मालकिणीसाठीचा शब्द. पत्नीला ‘हुस्त्रू’ म्हणतात, त्यात ‘हूस’ म्हणजे घर, आपली घरधनीणच. आणि ‘मिन फ्रू’ म्हणजे अगदी आपलं ‘माझी मिसेस’.

मी एवढं का ताणते? ऐन उमेदीत एका कथेत मी ‘प्रोस्तिन्ना’चं ‘महिला धर्मगुरू’ केलं. कथा एकोणिसाव्या शतकातली. स्वीडनच्या चर्चने पहिल्या स्त्रियांना धर्मगुरूपदाची दीक्षा दिली १९६० साली! ती बाई धर्मगुरूची बायको होती. ‘प्रोफेसोर्स्का’ प्राध्यापकाची, ‘येनेरालस्का’ जनरलची. आमच्या गावात पाटलीणबाई होत्या, त्यांनी कधी पाटीलकी केली नाही. वकिलीणबाई कोर्टाची पायरी चढल्या नाहीत. हे लहानपणापासून ऐकत असूनही मला सुचू नये? हाताशी एक छोटा कोश, विचारायला कुणी नाही, छपाईची घाई. खरंच तसं होतं, सबब म्हणून सांगत नाही. दुसरी आवृत्ती निघाली नाही, म्हणून ती बाई अजून तशीच छापलेली आहे.

पुढच्या गोष्टीत ‘फ्रोकेन’ येईल. गोष्ट १८५०च्या आसपासची, तेव्हा हा मान उमरावांच्या लेकींचा. उमराव नसलेल्या मध्यमवर्गीय घरची मुलगी ‘मामसेल’. दोघींना ‘कुमारी’ केलंस तर त्यांच्यातलं अंतरच पुसलं जाईल. आणि शेवटची गोष्ट १९७०नंतरची आहे, तोवर स्वीडनमध्ये जो तो एकमेकांना ‘दू’, म्हणजे ‘तू’, म्हणू लागला होता. तिथे कुणी तोंडावर ‘फ्रू’ म्हणालं तर थांब, पुन्हा वाच. कोण म्हणतंय, कुणाला, आणि तो शब्द तिला कुणामुळे मिळालाय?

‘फ्रू’ तसाच राहू दे, तळटीप नको. म्हातारीचं पान आधी दुरुस्त कर आणि तेवढंच पाठव.

तुझी,
मावशी