सोसायटीचा खजिनदार झालोय. चेक कसा लिहायचा आणि वही बँकेशी कशी जुळवायची?

सहा वर्षांपूर्वी मीही असाच खजिनदार झालो. सर्वसाधारण सभेला पंधरा मिनिटं उशिरा पोचलो, तोवर माझं नाव लिहून झालं होतं. तुम्ही म्हणताय की आजवर सगळं यूपीआयवर भागलं, चेक कधी लिहिलाच नाही, आणि आधीच्या खजिनदारांच्या वहीतली शिल्लक पासबुकाशी जुळत नाही. घाबरू नका. ती आपोआप जुळत नसते, जुळवावी लागते.

आधी चेक. चेकबुकाच्या सुरुवातीला किंवा शेवटी नोंदीचं पान असतं (काही चेकबुकांत प्रत्येक चेकला डावीकडे काउंटरफॉइल, म्हणजे चेक फाडल्यावर मागे राहणारा तुकडा, असतं). पेन आधी तिथे टेकवा: चेक नंबर, तारीख, कुणाला, कशाचे, किती. मग चेक. उलट क्रमाने केलंत की लिफ्टवाला दारात उभा असतो, चेक त्याच्या हातात जातो आणि नोंद राहून जाते. महिनाअखेरीस ०००४१२ नंबरचा चेक कुणाला दिला हे आठवत बसायचं.

चेकच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारून मध्ये 'अकाउंट पेयी' लिहा, म्हणजे पैसे खात्यातच जातील, खिडकीवर रोख मिळणार नाहीत. नाव बिलावर जसं छापलंय तसंच. 'किंवा धारकास' हे शब्द खोडा. रक्कम अक्षरी लिहून शेवटी 'फक्त', आकड्यांत लिहून शेवटी '/-', आणि पहिला आकडा चौकटीच्या डाव्या कडेला चिकटवून; पुढे जागा सोडली तर ८,५०० चे १८,५०० व्हायला एक रेघ पुरते. मराठीत लिहिलेला चेक चालतो, काउंटरवर कुणी नाक मुरडलं तरी. अक्षरी आणि आकडी रक्कम वेगळी पडली तर कायद्याने अक्षरी धरतात, पण प्रत्यक्षात बँक बहुधा चेक परत पाठवते.

खाडाखोड केलेला चेक देऊ नका. हल्ली चेकची नुसती प्रतिमा क्लिअरिंगला (बँकांमधल्या चेक वटवणीला) जाते, त्यामुळे तारखेखेरीज कुठलीही दुरुस्ती चालत नाही, शेजारी सही केली तरी. मी तर तारीख चुकली तरी चेक रद्द करतो. त्यावर आडवं 'रद्द' लिहायचं आणि तो फाइलला लावायचा, फाडून टाकायचा नाही. ऑडिटर नंबर ओळीने बघतो. सोसायटीचा गोल शिक्का सही, तारीख, नाव, रक्कम किंवा खालच्या पांढऱ्या पट्टीवर येऊ देऊ नका.

आणि सेक्रेटरी गावाला जाताना 'चार कोऱ्या चेकवर सह्या करून ठेवतो' म्हणाले तर हात जोडून नाही म्हणा. सोसायटीच्या चेकवर दोन सह्या ठेवल्यात त्या यासाठीच.

चेक तारखेपासून तीन महिने चालतो (२०१२ च्या एप्रिलआधी सहा महिने चालायचा). ४ ऑक्टोबर २०२५ पासून बँकेत भरलेले चेक दिवसाच्या दिवशी वटू लागलेत. म्हणजे 'आज चेक देऊ, परवा खात्यात पैसे भरू' हा जुना हिशोब विसरा. खात्यात पैसे नसल्याने चेक परत गेला तर तो निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली गुन्हा आहे, आणि त्यात सह्या करणारेही अडकतात.

आता जुळवणी. तुम्ही चेक दिला त्या दिवशी वहीत खर्च टाकता. बँक तो वटेल त्या दिवशी टाकते. दोघांचं बरोबर असतं, फक्त तारखा वेगळ्या. (वहीत बँकेत भरलेले पैसे नावे आणि पासबुकात तेच जमा दिसतात, त्याने गोंधळू नका. तुमचं येणं हे बँकेचं देणं.)

माझी एका ३१ मार्चची जुळवणी सांगतो. वहीप्रमाणे शिल्लक १,८४,३५०. पासबुकात २,२२,२५४. पेन्सिल घेतली आणि दोन्हीकडे सापडणाऱ्या प्रत्येक नोंदीवर बरोबरची खूण केली. उरलेल्या बिनखुणेच्या नोंदी म्हणजेच फरक. लिफ्टच्या देखभालीचे १८,५०० आणि वॉचमनचे २४,००० असे दोन चेक दिलेले, पण वटलेले नव्हते. बँकेच्या लेखी ते पैसे अजून आपलेच, म्हणून ४२,५०० मिळवले. तीन सभासदांचे प्रत्येकी ३,२०० चे चेक संध्याकाळी बँकेच्या पेटीत टाकले होते, वहीत जमा पण बँकेत नाहीत: ९,६०० वजा. बँकेने कापलेले ११८ वजा. तिमाहीचं व्याज १,७४२ मिळवलं. कुणीतरी फ्लॅट नंबर न लिहिता थेट खात्यात पाठवलेले ३,२०० मिळवले. बेरीज आली २,२२,०७४.

पासबुकापेक्षा १८० कमी.

हे १८० रुपये मी दोन रात्री शोधले. बायको म्हणाली, माझ्याकडून घे आणि झोप. शेवटी आमच्या म्हाताऱ्या ऑडिटरांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "नऊने भाग जातो का?" जातो, वीस वेळा. मग शेजारचे दोन आकडे उलटे पडलेले असण्याची शक्यता मोठी. विजेच्या बिलाचा चेक १२,७९० चा होता, मी वहीत १२,९७० लिहिले होते. तसंच, फरकाच्या निम्मी रक्कम वहीत कुठे सापडली तर ती नोंद चुकीच्या बाजूला गेलीय का बघायचं.

या यादीतलं व्याज, बँकेचे ११८, ते निनावी ३,२०० आणि माझी चूक यांच्या नोंदी वहीत करायच्या असतात. न वटलेल्या चेकांच्या आणि पेटीतल्या चेकांच्या नाहीत. ते आपापल्या वेळी पासबुकात येतात. आमचा प्लंबर एकदा चेक ड्रॉवरमध्ये टाकून विसरला आणि चार महिन्यांनी आठवण झाली. असा चेक मेला की वहीत रक्कम परत जमा करायची, जुना चेक मागून घ्यायचा, मग दुसरा द्यायचा.

जुळत नाही म्हणून 'किरकोळ खर्च १८०' टाकून मोकळं व्हायचा मोह होतो. करू नका. ११,००० ची एक आणि १०,८२० ची दुसरी अशा दोन चुका एकमेकींना खात असतील, तर वर दिसतात ते १८०च.

तुमच्या बाबतीत सुरुवात अशी करा: मागच्या ३१ मार्चच्या ऑडिटला जोडलेलं बँक जुळवणी पत्रक आधीच्या खजिनदारांकडून मागा. त्यातला प्रत्येक न वटलेला चेक एप्रिल ते जूनच्या पासबुकात शोधा. जो सापडणार नाही, तिथून तुमचं काम सुरू.