किड्याला जीपीएस बांधता येत नाही, मग तो कुठून कुठे गेला हे कळतं कसं?

तुमची शंका रास्त आहे. अर्ध्या ग्रॅमच्या फुलपाखरावर यंत्र लादलं तर ते उडणार कसं? म्हणून बहुतेक वेळा शास्त्रज्ञ किड्याच्या मागे जातच नाहीत. प्रवासाच्या खुणा त्याच्या अंगावर असतात, त्या वाचतात.

आधी लेबलांचा जमाना होता. कॅनडाच्या फ्रेड अर्कहार्ट यांनी मोनार्क फुलपाखरांच्या पंखांवर कागदाचे तुकडे चिकटवले. सुरुवातीचे पावसात गळून पडायचे! 1975 च्या जानेवारीत मेक्सिकोच्या डोंगरांत या फुलपाखरांनी लगडलेली झाडं सापडली. वर्षभराने तिथेच, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात लेबल लावलेलं एक फुलपाखरू हाती लागलं, तेव्हा कुठे पक्का पुरावा मिळाला. जवळजवळ चार दशकांची चिकाटी.

मला स्वतःला सगळ्यात भावते ती हायड्रोजनची युक्ती. पावसाच्या पाण्यात जड हायड्रोजनचं (म्हणजे नेहमीपेक्षा जास्त वजनाच्या हायड्रोजन अणूंचं) प्रमाण प्रदेशागणिक बदलतं. चतुराची अळी ज्या डबक्यात वाढते, तिथली ही सही त्याच्या पंखांत उतरते, आणि पंख एकदा तयार झाले की ती पुसली जात नाही. मालदीवमध्ये दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास चतुरांचे थवे उतरतात. त्यांचे पंख तपासले तेव्हा त्यांचा जन्म उत्तर भारतात किंवा त्याच्याही पलीकडे झाल्याचं दिसलं. म्हणजे समुद्र ओलांडून आलेले पाहुणे!

2013 मध्ये फ्रेंच गयानाच्या किनाऱ्यावर पेंटेड लेडी फुलपाखरं दिसली. ती दक्षिण अमेरिकेत राहतच नाहीत. त्यांच्या अंगावरचे परागकण पश्चिम आफ्रिकेतल्या झुडपांचे निघाले. वाऱ्याच्या नोंदी आणि पंखांतली सही यांचा मेळ घातल्यावर निष्कर्ष निघाला: अटलांटिकवरून किमान 4,200 किलोमीटर.

रडारवर कीटकाचा आकार आणि पंखांची फडफड कळते, जात मात्र क्वचितच. दक्षिण ब्रिटनवरून वर्षाला सुमारे साडेतीन लाख कोटी कीटक जातात, हा अंदाज रडार आणि हवेत सोडलेल्या जाळ्या यांच्या मदतीने 2016 मध्ये पुढे आला.

प्रयोगशाळेतल्या 'फ्लाइट मिल'वर मी विद्यार्थी असताना बरेच तास घालवलेत. किडा हलक्या दांडीला चिकटवायचा आणि तो गोल फिरत किती फेऱ्या मारतो ते मोजायचं. पण त्याचं वजन दांडी पेलते, वाराही नसतो. तिथले किलोमीटर मी कधीच खरे मानले नाहीत.

आणि हो, आता थोडा पाठलागही जमतो. पाठीवर कवटीसारखी नक्षी असलेला पतंग बराच जड असतो. जर्मनीत अशा पतंगांवर 0.2 ग्रॅमचे ट्रान्समीटर चिकटवून संशोधक छोट्या विमानातून रात्री चार-चार तास त्यांच्या मागे गेले. समोरून वारा आला की पतंग जमिनीलगत यायचे आणि जोर लावायचे, मागून आला की उंच चढायचे. वाट मात्र आल्प्सच्या दिशेने जवळपास सरळ रेषेत.