ऑटोक्रॉस आणि ट्रॅक डे, दोन्हींसाठी २०० ट्रेडवेअरचा एकच सेट घ्यायचा तर कोणता?

गाडी टोयोटा जीआर८६, राहणं ओहायोतल्या कोलंबसला, महिन्याला एखादं ऑटोक्रॉस (मोकळ्या डांबरावर शंकू मांडून एकेका गाडीची वेळ मोजतात ते) आणि वर्षातून तीन-चार वेळा मिड-ओहायोच्या रेसट्रॅकवर ट्रॅक डे, असं तुम्ही लिहिलंय. मित्राचा सल्ला असा की नेब्रास्कातल्या लिंकनच्या सोलो नॅशनल्सला, म्हणजे ऑटोक्रॉसच्या राष्ट्रीय स्पर्धेला, जो टायर जिंकतो तोच डोळे झाकून घ्यावा, कारण "शेवटी सगळे २००च तर आहेत." हे शेवटचं वाक्य वाचलं नसतं तर मी उत्तर लिहायच्या फंदात पडलो नसतो. पॅडकमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या लावतात तिथे) ते ऐकून कान किटलेत.

२०० हा ट्रेडवेअरचा आकडा झिजेचा आहे, ग्रिपचा नाही. टेक्सासात सॅन अँजेलोच्या आसपास, साध्या रस्त्यांवर, कायद्याच्या वेगात ७,२०० मैल टायर चालवायचा, संदर्भ टायर किती झिजला त्याच्याशी ताडून बघायचं, आणि मग कंपनीनेच आपला आकडा ठरवून बाजूच्या भिंतीवर छापायचा. एससीसीएने (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, सोलो नॅशनल्स भरवणारी संस्था) स्ट्रीट क्लासला, म्हणजे फारसे बदल न केलेल्या गाड्यांच्या गटाला, किमान २००ची अट घातल्यावर ज्याला तिथे टायर विकायचा होता त्याने २०० छापला. म्हणून हँकूकचा आरएस४ही २०० आणि योकोहामाचा ए०५२ही २००. गाडीखाली मात्र दोन्हींचा स्वभाव पूर्ण वेगळा.

ऑटोक्रॉसचा रन पाऊण ते एक मिनिटाचा. मग पंधरा-वीस मिनिटं रांगेत उभं राहायचं. तिथे टायर पहिल्या शंकूपासूनच चिकटायला हवा, तापायला वेळच नसतो. ए०५२ आणि ब्रिजस्टोनचा आरई-७१आरएस यासाठी नावाजलेत. ट्रॅकवर उलटं. वीस मिनिटांचं सेशन, दहाएक लॅप, आणि रबर पूर्ण वेळ मुरगळत असतं. त्या मुरगळण्यातूनच उष्णता तयार होते, नुसत्या घासण्यातून नाही. मऊ रबर आणि खोल, नवीकोरी नक्षी असेल तर ब्लॉक जास्त हलतात, आतून तापतात. तिसऱ्या-चौथ्या लॅपला टायर तेलकट लागायला लागतो, सहाव्या-सातव्याला शोल्डरचे, म्हणजे नक्षीच्या कडेचे, तुकडे उडतात.

अशी एक गाडी मी मिड-ओहायोला जवळून पाहिली आहे. तुमचंच मॉडेल, चालवणारे गृहस्थ तुमच्या मित्राच्याच पंथाचे. टायर कोरे, ऑटोक्रॉसला पोडियमवर असणारे, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण दोष टायरचा नव्हताच. अलाइनमेंट कंपनीचं, म्हणजे पुढचा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) जवळपास शून्य. हवा सकाळी थंड असताना ३५ पीएसआय. दुसऱ्या सेशननंतर डावा पुढचा टायर मोजला तर ४४. सुईचा पायरोमीटर (रबराच्या आतलं तापमान मोजणारा) खुपसला तर बाहेरच्या कडेला २१५ फॅरनहाइट, मध्ये १९०, आतल्या कडेला १६०. डावा पुढचाच का, तर मिड-ओहायो घड्याळाच्या दिशेने चालतो आणि कीहोलसारख्या लांब उजव्या वळणात सगळं वजन त्या एका कोपऱ्यावर येतं. तिसऱ्या सेशननंतर बाहेरच्या शोल्डरवर नखाएवढे खड्डे पडले होते. आतल्या अर्ध्या भागावर नव्या टायरवर असतात ते रबराचे बारीक केस अजून शिल्लक.

गृहस्थांचं निदान: लॉट खराब आला. माझं म्हणणं होतं की हा टायर अर्धाच वापरला गेलाय आणि तोही वाजवीपेक्षा जास्त हवेवर. हवा काढून गरम असताना ३४वर आणली तेव्हा मधल्या भागाचं तापमान उतरलं, पण बाहेरची कड तशीच भाजत राहिली. कारण तो प्रश्न हवेचा नाहीच, कॅम्बरचा आहे. वळणात गाडी झुकते, चाकही तिच्याबरोबर बाहेर झुकतं आणि टायर कडेवर उभा राहतो. तो वाद अजून मिटलेला नाही. त्यानंतर त्यांनी तोच टायर पुन्हा घेतला, अलाइनमेंट तेच ठेवलं, आणि आता ते त्या कंपनीला नावं ठेवतात.

म्हणून टायरचे पैसे खर्च करण्याआधी अलाइनमेंट करून घ्या. क्रॅश बोल्ट (मूळपेक्षा बारीक, चाक थोडं आत झुकू देणारे) घालून पुढे कॅम्बर उणे दीड अंशाच्या आसपास मिळतो, टो (वरून बघताना चाकं आत-बाहेर वळलेली असणं) शून्य ठेवा. स्ट्रटच्या वरच्या टोकाला बसणाऱ्या कॅम्बर प्लेट घातल्या तर उणे अडीच ते तीन आरामात, पण मग स्ट्रीट क्लास सुटला. ट्रॅकवर आतली कड बाहेरच्यापेक्षा १० ते २० अंश फॅरनहाइट गरम आली की समजा जमलं. पायरोमीटर सुईचाच घ्या. लेझरचा ठिपका पाडणारी इन्फ्रारेड बंदूक फक्त पृष्ठभागाचं तापमान दाखवते आणि तो पिटमध्ये येईपर्यंत निवलेला असतो.

हवेचं एवढंच: सकाळी थंड २७-२८ने सुरुवात करा, सेशन संपवून आलात की दोन मिनिटांच्या आत चारही टायर मोजा आणि गरम ३३ ते ३६च्या मध्ये आणून ठेवा. दुपारी डांबर तापलं की पुन्हा काढावी लागेल. ऑटोक्रॉसला टायर तेवढा तापत नाही, म्हणून तिथे थंडच ३२-३३ भरा आणि शोल्डरवर खडूच्या रेघा ओढा. रन झाल्यावर कडेच्या छोट्या त्रिकोणी खुणेपर्यंत खडू पुसला गेला तर ठीक, त्याच्या खाली गेला तर हवा कमी आहे. आणि ट्रॅकवरून घरी निघताना दरवाज्यावरच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढी हवा भरल्याशिवाय हायवेला लागू नका. निवलेले टायर २६वर आलेले असतात.

माप. तुमची गाडी १८ इंची चाकांची असेल तर ट्रॅकसाठी १७ बाय साडेसातचा वेगळा सेट घ्या आणि त्यावर २२५/४५आर१७. स्ट्रीट क्लासमध्ये रिमचा व्यास एक इंच कमी-जास्त चालतो, रिमची रुंदी मूळचीच हवी. १७ इंची टायर स्वस्त पडतात आणि पर्यायही भरपूर. साडेसात इंची रिमवर २४५ कोंबणारे आहेत. ऑटोक्रॉसपुरतं चालून जातं, ट्रॅकवर बाजूची भिंत लोळते आणि शोल्डर आणखी लवकर जातो. चारही टायर एकाच मापाचे असल्यामुळे पुढचे-मागचे अदलाबदल करा. दिशेचा बाण असलेला टायर घेतलात तर तो त्याच बाजूला राहतो, रिमवर उलटा बसवल्याशिवाय आतली कड वापरायला मिळत नाही. दुकानात बाजूच्या भिंतीवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: २३२४ म्हणजे २०२४चा तेविसावा आठवडा. दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला टायर सवलतीत मिळाला म्हणून खूश होऊ नका.

आता ब्रँड. तुमचा ट्रॅक वर्षातून तीन-चारदाच आहे, तरी एकच सेट म्हणत असाल तर मी आरएस४ घेईन. कारण एका ट्रॅक डेला वीस-वीस मिनिटांची चार-पाच सेशन, आणि ऑटोक्रॉसच्या दिवशी सगळे रन मिळून पाच-सहा मिनिटं. झीज कुठे होणार हे उघड आहे. कॉन्टिनेंटलचा एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट फोर्सही याच जातीचा. ऑटोक्रॉसचे पहिले दोन रन थंड टायरवर वाया जातील, ते जाऊ द्या. ट्रॅक सोडून फक्त शंकूंमध्येच फिरणार असाल तर तुमचा मित्र बरोबर आहे, ए०५२ घ्या. पण त्याचं कारण "सगळे २००च" हे नाही, हे त्याला जरूर सांगा. आणि गाडीवर मूळचे पायलट स्पोर्ट ४ असतील तर पहिला मोसम त्यांच्यावरच काढायला हरकत नाही. ते पकड सुटण्याआधी ओरडून सांगतात, शिकणाऱ्याला तेच हवं असतं.

काही गोष्टी राहिल्या. चिकट टायर आले की ब्रेकिंग उशिरा होतं आणि मूळचे ब्रेक पॅड दमतात, म्हणून ट्रॅकचे पॅड आणि ताजं डॉट ४ ब्रेक फ्लुइड टायरच्या आधी. तुमच्या एफए२४ इंजिनाचं ऑइल प्रेशर लांब उजव्या वळणात, जास्त ग्रिपवर, घसरताना लॉगर (आकडे नोंदवणारं यंत्र) लावणाऱ्या बऱ्याच जणांना दिसलंय, आणि कीहोल नेमकं तसंच वळण आहे. ऑइल वरच्या खुणेपर्यंत ठेवा, दर सेशनला डिपस्टिक काढा. पाऊस आला आणि नक्षी ३/३२ इंचावर आली असेल तर सेशन सोडून द्या. शिवाय ओहायोचा हिवाळा: ही रबरं २० फॅरनहाइटखाली कडक होतात आणि त्या थंडीत गाडी हलवली, चाकं उचलून आपटली की नक्षीच्या मुळाशी तडे जातात. गॅरेज गरम नसेल तर नोव्हेंबरमध्येच चाकं काढून काळ्या पिशव्यांत घालून तळघरात ठेवा. वासावरून घरात बोलणी बसतील, ती ऐकून घ्या.