गच्चीवरची हळद आणि आठ दिवसांची नोटीस

प्रश्न : सांगलीत विश्रामबागला आमची बारा वर्षं जुनी नोंदणीकृत गृहनिर्माण संस्था आहे. चार वर्षांपूर्वी तेव्हाच्या सेक्रेटरींना तोंडी विचारून मी गच्चीवर मेथी, अळू, गवती चहा, कढीपत्ता आणि अर्ध्या कापलेल्या पिंपांत हळद लावली. आता वरच्या फ्लॅटचं छत गळतंय म्हणून समितीची नोटीस आलीय : आठ दिवसांत काढा, नाहीतर फेकून देऊ. असं करता येतं का?

उत्तर : ताई, आधी कडू ते सांगते. गच्ची सामाईक आहे, तुमची नाही. परवानगीने केलेल्या वापरातून हक्क तयार होत नाही, आणि दिलेली परवानगी काढूनही घेता येते. चार वर्षं कढीपत्ता सगळ्या जिन्याने नेला असेल, तरी तो पुरावा कामाचा नाही.

पण फेकून द्यायचा अधिकार समितीलाही नाही. कुंड्या, माती, झाडं ही तुमची मालमत्ता आहे. तिची जाणूनबुजून नासधूस केली तर ती फौजदारी कायद्यातली ‘आगळीक’ ठरू शकते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७२ नुसार अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचा. गच्ची कुणी कशी वापरायची, हा विषय तिथे मांडायला सांगा.

आता गळतीचं. गळती तुमच्यामुळेच आहे, हे नोटिशीत लिहिलं म्हणून सिद्ध होत नाही. वरच्या फ्लॅटवाल्यांना विचारा, डाग एप्रिल-मेमध्येही ओला असतो का? तेव्हा गच्चीवर पाणी फक्त तुमचंच पडतं. डाग पावसातच उमटत असेल तर कोबा किंवा वॉटरप्रूफिंग गेलेलं असण्याची शक्यता जास्त, आणि गच्चीतून पावसाचं पाणी गळलं तर दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने करायची, असं आदर्श उपविधीत, म्हणजे संस्थांच्या नमुना नियमावलीत, आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अहवाल मागा, हवं तर निम्मा खर्च उचला.

पिंपांबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने नाही. अर्ध्या पिंपात ओली माती भरली की वजन दीडशे किलोच्या पुढे जातं, आणि पिंप जागा घेतं जेमतेम पाव चौरस मीटर. वावर असलेल्या गच्चीचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला दीडशे किलो वापरभार (माणसं, सामान यांचं वजन) धरून बांधतात. चार पिंपं खेटून ठेवलीत तर हिशेब तुम्हीच करा. ती आजच पांगवा. पुढची लागवड कोकोपीट घातलेल्या हलक्या ग्रो-बॅगमध्ये, खाली विटा देऊन करा.

नोटिशीला आठ दिवसांच्या आत लेखी उत्तर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तीनच गोष्टी लिहा : आरोप मान्य नाही, इंजिनिअरकडून तपासणी व्हावी, निर्णय सभेत व्हावा. सेक्रेटरींचा स्वभाव वगैरे लिहू नका. तरीही कुणी हात लावायला आलं, तर त्याच सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जाऊन तात्पुरता मनाई हुकूम मागता येतो. पण वकिलाची फी सगळ्या हळदीपेक्षा महाग पडेल, म्हणून आधी सभा.

सभा विरोधात गेली तर काढणीपर्यंत मुदत मागा. हळद नऊ महिन्यांचं पीक आहे, हे सांगलीतल्या सभेला समजावून सांगावं लागणार नाही.