पणजोबांच्या पत्र्याच्या डब्यातले फोटो

प्रश्न : पणजोबा साताऱ्याकडून बडोद्याला आले आणि संस्थानच्या बागखात्यात माळी होते. त्यांच्या डब्यात काही गोल फोटो, दोन निळे फोटो आणि काचेच्या अकरा निगेटिव्ह सापडल्या. 'जर्मन साहेबानं काढलेत' एवढंच आजी सांगायची. ते खरं आहे का, हे कसं ठरवायचं? आणि काचा ओल्या फडक्यानं पुसल्या तर चालेल का?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आधी शेवटचं. कृपा करून पुसू नका. काचेवरचा थर जिलेटिनचा असतो. ओल लागली की तो फुगतो आणि चित्रासकट फडक्याला चिकटून येतो. काच उजेडात तिरपी धरा. चकचकीत दिसते ती नुसती काच, मंद दिसते ती चित्राची बाजू. चकचकीत बाजूची धूळ मऊ, कोरड्या ब्रशनं झटका, मंद बाजूला बोटही लावू नका. कडेला निळसर चंदेरी झाक असेल तर तो मळ नव्हे. चित्रातलीच चांदी वर आलेली असते.

जर्मन साहेब म्हणजे बहुधा गुस्ताव हेर्मान क्रुम्बिगेल. ड्रेस्डेनजवळच्या लोहमेनचा हा माणूस लंडनच्या क्यू बागेत काम करून १८९३ मध्ये बडोदा संस्थानच्या बागांच्या कामावर आला आणि १९०८ मध्ये बंगळूरच्या लालबागेत गेला. म्हणजे तपासायची पंधरा वर्षं आहेत.

आता पट्टी घ्या. गोल चित्राचा व्यास अडीच इंच असेल तर कॅमेरा १८८८ चा पहिला कोडॅक, साडेतीन असेल तर १८८९ चा दुसरा. १९०० मध्ये स्वस्त ब्राउनी आला, त्याची चित्रं सव्वादोन इंच चौरस. गोल फोटो साहेबांच्या सुरुवातीच्या वर्षांत बसतात, पण ते येण्याआधीचेही असू शकतात.

मागचं दृश्य याहून बोलकं असतं. कमाटीबागेतल्या म्युझियमची इमारत १८९४ मध्ये पुरी झाली. शेजारच्या चित्रदालनाचं काम १९०८ मध्ये सुरू होऊन १९१४ ला संपलं. पुरं झालेलं चित्रदालन दिसत असेल तर तो फोटो साहेब बंगळूरला गेल्यानंतरचा, आजी काहीही म्हणो. पण काळ जुळला म्हणून फोटो त्यांनीच काढला असं ठरत नाही; त्यासाठी मागचं हस्ताक्षर किंवा त्या काळचं पत्र लागेल.

निळे फोटो सायनोटाइपचे. उन्हात छापून साध्या पाण्यात धुतले की झाले, म्हणून हौशी मंडळींना ते घरी जमत. उजेडात निळा रंग उडतो, अंधारात थोडाफार परततो. अल्कधर्मी कागदाशी मात्र त्याचं वैर आहे. 'बफर्ड' म्हणजे मुद्दाम अल्कधर्मी केलेले; तसं लिहिलेले लखोटे यांना वापरू नका.

काचा आडव्या रचल्या की खालच्या तडकतात. प्रत्येक काच चारही बाजूंनी दुमडणाऱ्या चार पाळ्यांच्या आम्लरहित कागदात गुंडाळा, लांब कडेवर उभी ठेवा आणि दर चार-पाच काचांमागे जाड पुठ्ठा घाला. तडकलेली तेवढी सपाट, खाली पुठ्ठा देऊन. डब्यात डांबरगोळ्या नकोत. हे सगळं दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत करा, आषाढ-श्रावणात डबा उघडूच नका.

पणजोबांसाठी गुजरात राज्य अभिलेखागाराच्या वडोदरा दप्तरखान्यात बागखात्याचे कागद मागा. जुने कागद मोडी लिपीत असले तर ती वाचणारा बरोबर हवा. मूळ गाव, आडनाव आणि कुलदैवत माहीत असेल तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यांच्या, म्हणजे यात्रेकरूंच्या घराण्यांची नोंद ठेवणाऱ्या पुरोहितांच्या, वह्यांत नावं मिळू शकतात. तिथं घराण्यातलं कुणी येऊन गेलं असेल तर वडील-आजोबांची नावंही लिहून घेतलेली असतात. साहेबांची बाजू क्यू गिल्डच्या वार्षिकात शोधा. १८९३ पासून त्यात क्यूच्या जुन्या माळ्यांची खबरबात येते.

प्रश्न : काचेच्या निगेटिव्हचा फोटो मोबाइलनं काढता येतो का?

उत्तर : येतो. टॅबलेटवर कोरा पांढरा पडदा लावा, त्यावर इंचभर उंचीवर दुधी ॲक्रिलिक ठेवा. हे अंतर नसेल तर पडद्याचे ठिपके चित्रात उतरतात. काच त्यावर मंद बाजू वर करून ठेवा आणि खोली अंधारी करा. मोबाइल स्टँडवर काचेला अगदी समांतर हवा. काढलेलं चित्र मग ॲपमध्ये उलटं करा : काळ्याचं पांढरं, आणि डाव्याचं उजवं. दुसरं विसरलं की पाट्यांवरची अक्षरं उलटी राहतात.

प्रश्न : चिकट पानांच्या अल्बममधून फोटो निघत नाहीत.

उत्तर : ओढू नका, फोटो दुमडून वरचा थर तडकतो. दात साफ करायचा, बिनवासाचा धागा फोटोखाली घालून करवतीसारखा हळू पुढे-मागे करा. कोपरा अडला तर पानच फोटोभोवती कापून घ्या.